हिरव्या पडद्यावरचा घास

"हुंगा बाई, जोरात हुंगा!" डॉक्टर अंधारातून म्हणाले.

सिस्टरनं माझ्या नाकाशी रुमाल धरला होता. त्यात तिनं काचेची एक चिमुकली कुपी दाबून फोडली होती. नासक्या फळासारखा वास नाकात शिरला. चेहरा एकदम तापला, कानशिलं उडू लागली, छातीत कोणी ढोल बडवतंय असं वाटलं. मी एका थंडगार फळीला पाठ टेकून उभी होते. छातीपुढे काचेचा पडदा होता. पडद्याच्या पलीकडे एक्स-रेचे डॉक्टर होते आणि त्यांच्या खांद्यामागून माझे पती वामनराव वाकून पाहत होते.

"बघा, आता बघा," डॉक्टरांचा आवाज चढला. "सैल होतंय... उघडलं! गेलं खाली!"

"गेलं वं यमुने!" वामनराव ओरडले. "पाट फोडल्यावानी गेलं!"

चार लोकांत त्यांनी माझं नाव घेण्याची ती पहिलीच वेळ.

दिवा लागला. डॉक्टरांनी हातातले जाडजूड हातमोजे काढले आणि माझ्यासमोर येऊन उभे राहिले. ते हसत होते. "बाई, तुम्हाला कॅन्सर नाही," ते म्हणाले. "आणि तुम्ही ढोंगही करत नाही. दोन्ही गोष्टी आज मी माझ्या डोळ्यांनी पाहिल्या."

मी तिथल्या स्टुलावर बसले आणि रडले. दुःखानं नव्हे. वर्षभर जे मला एकटीला कळत होतं ते आता चार माणसांनी पाहिलं होतं, त्याचं ते रडू होतं.

माझ्या आजाराचं नाव अकॅलेशिया. काही डॉक्टर त्याला कार्डिओस्पाझमही म्हणत. त्यातला 'कार्डिओ' ऐकून वामनरावांना वाटलं, हृदयाचंच काहीतरी. डॉक्टरांनी समजावलं, की जठराच्या वरच्या तोंडाला कार्डिया म्हणतात. तिथे स्नायूंचं एक कडं असतं. घास आला की ते सैल व्हायचं आणि घास गेला की मिटायचं, एवढंच त्याचं काम. माझं कडं मिटूनच राहत होतं. औषध हुंगल्यावर ते घटकाभर सैल झालं. "गाठ असती तर अशी मोकळी झाली नसती," डॉक्टर म्हणाले.

हे लिहिते आहे ते अशा माणसांसाठी, ज्यांचा घास छातीत अडतो आणि ज्यांना वाटतं की आपल्यालाच काहीतरी विचित्र झालंय. तुम्ही एकटे नाही. आणि आता हे बघता येतं.

माझं माहेर हिंगणघाटचं. बाबा तिथे कापडगिरणीत होते. त्यांनी मला सातवीपर्यंत शिकवलं आणि मग वडनेरला दिलं. सासरी कापूस, तूर, चार बैल. घरात सासूबाई, आम्ही दोघं आणि दोन दीर. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणे. त्या वाईट नव्हत्या. पहाटेपासून राबणारी, तोंडानं कडक बाई.

कापूस वेचणीच्या दिवसांत पहिल्यांदा भाकरीचा घास अडला. गळ्यात नाही, त्याच्या बराच खाली, छातीच्या मध्यावर. आत दगड ठेवल्यासारखं वाटलं. पाणी प्यायले तर पाणीही वरच थांबलं. मग घास कसातरी उतरला. मी विसरून गेले.

पुढे तो रोज अडायला लागला. मला एक युक्ती सापडली. उठून उभं राहायचं, गटागटा तांब्याभर पाणी प्यायचं, दोन्ही हात वर ताणायचे आणि श्वास कोंडायचा. पाण्याच्या भारानं आतलं सगळं एकदम खाली जाई. ते जाताना मला कळे. मग बसून पुढचे चार घास.

हे कोणाला दिसलं नाही, कारण मी सगळ्यांच्या मागून जेवत असे. पुरुष उठले की आत्याबाई जेवत आणि त्या ओसरीवर गेल्या की मी चुलीपाशी एकटी. ताटात किती होतं आणि पोटात किती गेलं हे बघायला तिथे मांजराशिवाय कोणी नसे.

मग उलट्या सुरू झाल्या. त्याला उलटी तरी कसं म्हणावं? मळमळ नाही, आंबट नाही, कडू नाही. जशी भाकर गिळली तशीच परत यायची. आत्याबाईंनी एकदा मला परसात ओणवं झालेलं पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला.

"काऊन वं, काही हाये का?" त्यांनी हळूच विचारलं.

मी काय सांगणार? मला स्वतःलाच खात्री नव्हती. त्यांनी मला पाटावर बसवलं, जड उचलू दिलं नाही, शेजारणींना सांगितलं. हिंगणघाटला निरोप गेला. बाबा पेढे घेऊन आले. आणि पुढच्या आठवड्यात मी बाजूला बसले. पेढ्यांचा पुडा अजून फडताळात होता.

असं दोनदा झालं. दुसऱ्या खेपेनंतर आत्याबाईंची नजर बदलली. मी वाळत चालले होते. चोळ्या अंगावर लोंबायला लागल्या होत्या. निजले की अन्न घशाशी येई, खोकल्यानं मी उठून बसे. कोणी म्हणालं क्षय. कोणी म्हणालं बाहेरचं. लिंबू उतरवलं, अंगारा लावला, वैद्यबुवांनी पाचक चूर्ण दिलं. चूर्णही तिथेच अडकलं.

हिंगणघाटच्या एका डॉक्टरांनी मला तपासलं आणि वामनरावांना बाजूला घेऊन सांगितलं, "हिस्टेरिया आहे." म्हणजे मनाचा आजार. अंगात काही बिघाड नाही, पण मन ऐकत नाही, म्हणून शरीर नाटक करतं. डॉक्टरांना दोष देत नाही. बाहेरून बघून त्यांना काय दिसणार होतं? पोट मऊ, जीभ स्वच्छ, ताप नाही. पण तो शब्द घरात आला आणि त्याचं सोपं मराठी झालं. ढोंग.

"आमच्या घरचं अन्न तिच्या गळ्याखाली उतरत नाई," आत्याबाई ओसरीवर कोणाला तरी सांगत होत्या. "मायच्या घरी धाडा म्हनते मनातून. तोंडानं सांगत नाई."

वामनरावांच्या मावशीनं तर दुसऱ्या मुलीची गोष्टही काढली. ते ऐकून घेत. हो म्हणत नसत, नाहीही म्हणत नसत. त्या नुसत्या ऐकून घेण्याची मला फार भीती वाटे.

एके दिवशी जेवून ते शेतावर निघाले आणि पंचा विसरला म्हणून परत आले. मी चुलीपाशी उभी होते, दोन्ही हात वर, गाल पाण्यानं फुगलेले, डोळे बाहेर. त्यांना वाटलं अंगात आलं.

"काय करून राह्यली वं?"

पाणी खाली गेल्यावर मी सांगितलं. सगळं सांगितलं, कापूस वेचणीपासून. ते दारात उभे होते, ते आत येऊन माझ्यासमोर मांडी घालून बसले.

"माह्यासमोर खा," ते म्हणाले.

मी भाकरीचा तुकडा वरणात बुडवून खाल्ला. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. बहुधा लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच. कपाळावर घाम येताना, हात छातीवर जाताना, मी उठून तांब्या शोधताना पाहिलं. घास परत आला तेव्हा त्यांनीच परातीत धरला. त्यातली भाकर अजून भाकरच होती.

"हे ढोंग नाई," ते परातीकडे बघत म्हणाले. "हे अंदर गेलंच नाई. चाल, वर्ध्याले जाऊ."

तेव्हा आपला जिल्हा मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात नुकताच आला होता. वर्ध्याच्या एका दवाखान्यात एक्स-रेचं नवं यंत्र बसलं होतं आणि मुंबईत शिकून आलेले एक डॉक्टर ते चालवत होते. बैलबंडीनं हिंगणघाट आणि तिथून गाडीनं वर्धा. स्टेशनवर उतरल्यावर मी फलाटावरच बसले. चालायचं त्राण नव्हतं.

दवाखान्याच्या ओसरीवर बाकं होती. हात मोडलेले, खोकणारे, पोट धरून बसलेले. प्रत्येकाची नजर शेवटच्या काळ्या दाराकडे. त्या दारावर तांबडा दिवा होता. तो लागला की आत जायचं नाही. माझ्या शेजारच्या म्हातारीनं मला बजावलं, "त्या मशिनीत रगत आटते, बाई." मी म्हटलं, माझं आधीच आटलंय.

पहिल्या दिवशी छातीची प्लेट काढली. फोटोच, पण कागदावर नाही, निळसर पारदर्शक फिल्मवर. थंड पाटीला छाती टेकवायची, श्वास भरायचा, थांबवायचा, खट्ट. दुखलं नाही, काही नाही. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी ती उजेडाच्या पेटीवर लावली आणि आम्हाला बोलावलं.

"क्षय नाही," ते म्हणाले. फुप्फुसांच्या काळ्या जागेवर बोट फिरवलं. मग मधोमध एक रुंद फिकट पट्टा दाखवला. "हे मात्र इथे असायला नको. आणि इथे खाली जठरात हवेचा एक बुडबुडा दिसायला हवा. तो नाही. तुम्ही गिळलेलं काही खाली पोचतच नसावं."

नसावं! एका फोटोवरून! बाकीच्या लोकांनी माझ्याकडे वर्षभर बघून जे सांगितलं नाही ते या माणसानं एका फिल्मकडे बघून सांगितलं. वामनराव तर त्या पेटीजवळून हलेनात.

पण मग डॉक्टर गंभीर झाले. अन्ननळी तुंबली आहे हे कळलं, कशानं तुंबली ते कळायचं होतं. गाठ असू शकते. त्यासाठी बेरियम स्वॅलो करू, म्हणाले. बेरियम ही एक पांढरी भुकटी. तिच्यातून क्ष-किरण जात नाहीत. ती पाण्यात कालवून रुग्णानं प्यायची, ती आत कुठे जाते, कुठे थांबते हे डॉक्टरांनी पडद्यावर जिवंत बघायचं. त्या बघण्याला स्क्रीनिंग म्हणतात. प्लेट म्हणजे एका क्षणाचा फोटो. स्क्रीनिंगमध्ये सगळं हलताना दिसतं.

"दिवस गेलेत का?" त्यांनी आधी विचारलं. पोटात मूल असेल तर हे किरण शक्यतो घेऊ नयेत, म्हणाले. या वेळी मी ठामपणे नाही म्हणाले.

त्यांनी बारीक नळी घालून आतलं साचलेलं काढून टाकलं. ते सुखाचं नव्हतं, पण त्यानंतर छाती हलकी झाली. दुसऱ्या दिवशी उपाशीपोटी बोलावलं.

गळ्यातलं काढायला सांगितलं तेव्हा मी अडले. सोनं आणि मणी यांची सावली नेमकी बघायच्या जागी पडते, सिस्टर म्हणाली. मी वामनरावांकडे पाहिलं. मंगळसूत्र नवऱ्यासमोर काढायचं? दवाखान्यात? गाठ आहे की नाही हे कळायच्या दिवशी?

"काढ," ते म्हणाले. "मी हावो ना इथं." आणि हात पुढे केला. मी ते त्यांच्या तळहातावर ठेवलं. त्यांनी मूठ मिटली आणि सगळं होईपर्यंत ती उघडली नाही.

त्यांना आत येऊ द्या, अशी विनंती मीच केली. डॉक्टर तयार झाले, पण त्यांनी वामनरावांना जड शिशाचा एप्रन घातला आणि स्वतःसारखाच तांबड्या काचांचा चष्मा दिला. पडद्यावरचं चित्र इतकं मंद असतं की उजेडातून आलेल्या डोळ्यांना काहीच दिसत नाही. डोळे आधी अंधाराला सरावावे लागतात, त्यासाठी तो चष्मा; आत अंधारात गेलं की काढायचा. ओसरीवरच्या बाकावर वामनराव तो लाल चष्मा लावून बसले होते. शेजारची म्हातारी त्यांच्यापासून सरकून बसली.

मग काळं दार, अंधार, थंड फळी. यंत्र घुमू लागलं. हातात पेला दिला. बेरियम कढीएवढं दाट, चव पाटीवरच्या खडूसारखी. वाईट म्हणावं असंही नाही, काहीच नाही असं. तुम्हाला प्यायची वेळ आली तर घाबरू नका. नाक धरून एक घोट घ्या, तोंडातच धरा आणि डॉक्टर म्हणतील तेव्हाच गिळा.

"गिळा."

मी गिळलं. मग डॉक्टर वामनरावांना सांगू लागले आणि मी अंधारात उभी राहून माझ्याच पोटाची हकिकत ऐकली. "ही बघा अन्ननळी. किती फुगली आहे! बोटाएवढी असायची, ती गोणपाटाच्या थैलीएवढी झाली. बेरियम कसं तरंगत उतरतंय बघा. आणि इथे येऊन थांबलं."

"मुळ्याच्या शेंड्यावानी झालं खाली," वामनराव म्हणाले.

"अगदी बरोबर. निमुळतं. आणि कडा बघा, गुळगुळीत. गाठ असती तर बहुतेक खडबडीत, कुरतडल्यासारखी दिसली असती." डॉक्टर थांबले. "पण मला खात्री करायची आहे. सिस्टर, ती कुपी."

पुढचं तुम्हाला सांगितलंच आहे.

दिवा लागल्यावर, रडून झाल्यावर, मला एकाएकी राग आला. सगळ्यांनी पाहिलं आणि जिच्या पोटातलं, तिनंच नाही पाहिलं! मी डॉक्टरांना म्हटलं, "मलेही पाहू द्या."

त्यांना गंमत वाटली. किरण उगाच जास्त घ्यायचे नाहीत, पण एक घोट अजून बघायचाच आहे, म्हणाले. सिस्टरनं तिच्या पिशवीतला छोटा आरसा आणला. माझे डोळे पुन्हा अंधाराला सरावेपर्यंत आम्ही सगळे दिवा मालवून बसलो. मग तिनं डॉक्टरांच्या खांद्यावर तो आरसा असा धरला की पडद्याचं प्रतिबिंब मला दिसावं.

हिरवट चांदण्यासारखा उजेड. त्यात काठीच्या कुंपणासारख्या बरगड्या. त्यांच्या मागे काहीतरी सारखं हलतंय, आकसतंय, फुगतंय. ते माझं हृदय आहे हे कळायला मला एक क्षण लागला. आणि मी गिळल्याबरोबर मधोमध काळ्या पिसांचा थवा भुरभुरत खाली उतरला आणि शेंड्याशी जाऊन बसला. छातीत मला तिथेच जड झालं. जिथे दुखत होतं तिथेच दिसत होतं!

"पांढरं पेलं, मंग काळं काऊन दिसते?" मी विचारलं.

"पडद्यावर सावली दिसते म्हणून काळं," डॉक्टर म्हणाले. "प्लेटवर तेच पांढरं येईल. उद्या दाखवतो."

आणि दाखवलं. त्या रात्री धर्मशाळेत मला आनंदानं झोप आली नाही. वामनरावांनाही नाही. ते अंथरुणावर पडल्या पडल्या पुन्हा पुन्हा म्हणत होते, "तुह्यं काळीज पाह्यलं ना मी. कसं उड्या मारून राह्यलं होतं!"

उपाय दोन होते. एक, ऑपरेशन करून ते कडं कापून सैल करायचं. माझ्या अंगात ते सोसायची ताकद नव्हती. दुसरा, ते कडं हळूहळू ताणायचं. त्यासाठी बूजी नावाची रबराची नळी असते, टोकाला गोल, आत पारा भरलेला. रुग्णानं सरळ बसून ती गिळायची. पारा जड, तो आपल्या वजनानं नळी खाली नेतो आणि मिटलेलं तोंड उघडतो. जोर लावायचा नाही. वजनाला काम करू द्यायचं.

नळ्या नागपूरहून मागवल्या. तोवर मला पातळ पेज, दूध आणि कुपीतल्या औषधावर ठेवलं. नळी आली तेव्हा मी पाहून दचकले. तपकिरी, लांब, बोटाएवढी, हातात घेतली की दोन्हीकडून लोंबणारी. जिचा भाकरीचा तुकडा उतरत नाही तिनं हे गिळायचं?

पहिल्या दिवशी ती घशातून परत आली. दुसऱ्या दिवशीही. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी. तिसऱ्या खेपेला सिस्टर माझ्यासमोर बसली आणि म्हणाली, "नळी गिळते आहे असं समजू नका. थंड पाण्याचा घोट घेते आहे असं समजा. हनुवटी खाली. श्वास चालू ठेवा."

मी डोळे मिटले. नळी जिभेवरून मागे गेली. उबळ आली, गेली. आणि मग पारा स्वतःच निघाला. मला कळत होतं, विहिरीत बादली सोडावी तसं तो भार उतरत होता. शेंड्याशी आला. थांबला. दाबलं. आणि आत काहीतरी सैल पडलं.

नळी काढल्यावर डॉक्टरांनी मला पाणी दिलं. मी सवयीनं उठून हात वर करायला लागले. "बसून प्या," ते म्हणाले.

बसून प्यायले. पाणी गेलं. थांबलं नाही. मी दुसरा घोट घेतला. गेला. पेला रिकामा केला. मग सिस्टरनं वाटीत वरणभात आणला आणि मी खात सुटले. सिस्टर म्हणते, मी तेव्हा हसतही होते आणि जेवतही होते, आणि तिला ठसक्याची भीती वाटत होती.

दर काही दिवसांनी जाड नळी. मी स्वतः गिळायला शिकले, धुवायला, उकळलेल्या पाण्यात बुडवायला, रबराला चीर गेली आहे का हे तपासायला. चीर दिसली तर ती नळी वापरायची नाही, पारा बाहेर येतो, हे डॉक्टरांनी बजावलं होतं. घरी जाण्याआधी त्यांनी पुन्हा एकदा स्क्रीनिंग केलं. बेरियम शेंड्याशी आलं, क्षणभर थबकलं आणि बारीक धारेनं खाली गेलं. कुपीशिवाय! अन्ननळी अजून रुंदच होती, ती पूर्ववत होणार नाही असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. आजार मुळासकट गेला नव्हता. पण वाट मोकळी ठेवणं आता माझ्या हातात होतं.

वडनेरला पोचलो तर आमच्या आधी बातमी पोचलेली. यमुना वर्ध्याहून साप गिळायला शिकून आली. सकाळी जेवणाआधी मी ओसरीवर नळी घेऊन बसले की बाया आणि पोरं कुंपणाशी गोळा होत. पहिल्या दिवशी मला लाज वाटली. मग वाटलं, बघू देत. ढोंग म्हणून जे ऐकलं होतं, त्याचा उपाय तरी सगळ्यांना दिसू दे.

आत्याबाई त्या वेळी घरात थांबत नसत. त्यांना बघवत नसे. वामनरावांनी त्यांना दवाखान्यातून आणलेली बेरियमची प्लेट दाखवली. उन्हाकडे धरून, बोट लावून, मुळ्याचा शेंडा, तुंबलेली थैली, सगळं. त्या बराच वेळ बघत राहिल्या.

"एवढं अंदर होतं?" त्या म्हणाल्या. "अन् माह्या पुढ्यात वर्षभर उपाशी राह्यली?"

माफी वगैरे मागायची पद्धत आमच्याकडे नव्हती. पण त्या दुपारी त्यांनी दोन ताटं वाढली, समोरासमोर, आणि माझं ताट रिकामं होईपर्यंत स्वतः उठल्या नाहीत. पुढे घरात दोघी धाकट्या जावा आल्या. त्याही आमच्याबरोबरच बसल्या.

म्हणून वाचणाऱ्यांना एवढंच सांगते. घास अडत असेल तर लपवू नका. पाण्यानं ढकलून, उभं राहून, कोपऱ्यात जाऊन दिवस काढू नका. लगेच एक्स-रे असलेला दवाखाना गाठा. पुष्कळदा अडण्याचं कारण गाठ असतं आणि तेव्हा तर लवकर गेलेलंच बरं. आणि कोणी तुम्हाला मनाचा आजार आहे म्हटलं, तर नम्रपणे म्हणा, आधी आतलं बघा. आत बघता येतं आता, चिरफाड न करता, माणूस उभा असताना, श्वास घेत असताना. मला अजूनही त्याचं नवल वाटतं. त्या डॉक्टरांचे, सिस्टरचे आणि हे किरण ज्यांनी माणसाच्या कामी आणले त्या सगळ्यांचे उपकार मी रोज जेवताना मोजते.

पुढच्या वर्षी डॉक्टरांचा निरोप आला. तळेगावची एक बाई आली आहे, तुमचंच दुखणं दिसतंय, पण ती काळ्या दाराच्या आत यायला तयार नाही. तुम्ही येऊ शकाल का?

आम्ही गेलो. ती माझ्याहून मोठी होती, चार लेकरांची आई, काठीसारखी वाळलेली. मी तिच्याशेजारी बाकावर बसले. पिशवीतून नळी काढली, धुतली, आणि तिच्यासमोर गिळली. मग काढून पुसली. ती डोळे विस्फारून बघत होती.

"दुखत नाई?" तिनं विचारलं.

"पैल्यांदा कठीण जाते. मंग भाकर गोड लागते."

ती उठली.

डॉक्टरांनी मला एप्रन घातला, तांबडा चष्मा दिला. अंधारात तो काढून मी आता पडद्याच्या या बाजूला उभी होते. यंत्र घुमू लागलं आणि तो हिरवा उजेड उमटला. तिच्या बरगड्या. तिचं हृदय, माझ्यापेक्षाही जोरात उडणारं. तिनं घोट घेतला. काळी पिसं भुरभुरत उतरली आणि शेंड्याशी थांबली. गुळगुळीत कडा. डॉक्टरांनी सिस्टरला कुपीची खूण केली.

"बाई, दिसून राह्यलं का काही?" पलीकडून तिचा घाबरा आवाज आला. "काय हाये तठी?"

वास दरवळला. तिचं हृदय धडधड उडू लागलं. शेंडा हलला, आणि एक काळी बारीक रेघ खाली सुटली.

"वाट हाये, बाई," मी ओरडले. "लय बारीक हाये, पण वाट हाये!"